साखर आणि नवा गुडघा

"आधी साखर खाली आणा, मग गुडघ्याचं बघू," असं म्हणून डॉक्टरांनी मला धायरीला परत पाठवलं. मी ऑपरेशनसाठी मनाची सगळी तयारी करून गेले होते. पायाच्या मशीनवर शिवणकाम करून दोन्ही गुडघे झिजले होते, आणि मधुमेह तर पन्नाशीपासून सोबतीला होताच.

शनिवार पेठेतून नणंद भेटायला आल्या. "साखरवाल्यांची जखम भरत नाही. या वयात कुठे धावायचंय तुला?"

"धावायचं नाहीये, वन्सं. कुणाचा हात न धरता संडासला जायचंय."

त्यांच्या बोलण्यानं मी पेटले. भात वाटीभरावर आणला, चहातली साखर बंद केली. सून आयटी कंपनीत. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी ती माझ्या बोटाला टोचून साखर बघायची. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी गोळ्यांऐवजी इन्सुलिन सुरू केलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, इंजेक्शन मी देत जाईन."

"सगळा जन्म सुया हाताळल्यात मी. आण इकडे."

अखेर साखर उतरली आणि गुडघा बदलला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचंही त्याच दिवशी झालं. त्यांना मधुमेह नव्हता. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला, त्या सोसायटीत फिरायला लागल्या होत्या. माझे टाके मात्र खालच्या टोकाला पाझरत होते. डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिलं. "ऑपरेशनच्या ताणानं साखर चढते, आणि साखर चढली की जखम रेंगाळते. जंतू आत सांध्यापर्यंत गेले तर अवघड होईल. जखम कोरडी होईपर्यंत गुडघा फार वाकवायचा नाही, आजी."

"आजी म्हणू नका. काय करायचं ते सांगा."

इन्सुलिन वाढलं, ड्रेसिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यातच नणंद पेढे घेऊन आल्या. "एका पेढ्यानं काय होतंय?" मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्हीच खा. मला ही जखम बुजवायचीय." त्या गेल्यावर मात्र मी भिंतीकडे तोंड करून रडले. भीतीनं नाही, रागानं. इतकं पाळूनही माझंच शरीर माझं ऐकत नव्हतं.

जखम भरली, पण तोवर गुडघा आखडला होता. व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी घरी यायची. ती हळूहळू पाय वाकवायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबायची.

"थांबू नकोस. दुखणारच आहे."

"ओरडलात तरी चालेल, काकू."

मग ओरडले. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. गेलं तर गेलं.

शेजारच्या खाटेवरच्या त्या बाईंच्या गुडघ्याइतका माझा वाकत नाही. मांडी घालून बसणं संपलंच. पण वॉकर सुटला, मग काठीही. मशीनला मोटार बसवून घेतली आणि शिवणाचा वर्ग पुन्हा सुरू केला. आयटीतल्या मुली शनिवारी ब्लाउज शिवायला शिकायला येतात. कापड बेतताना मी त्यांच्यासोबत उभी असते.

परवा तपासणीला गेले. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि जरा चाचरतच विचारलं, "दुसऱ्या गुडघ्याचं काय ठरवलंय? यावेळीही वेळ लागेल."

मी पर्समधून साखरेचा ताजा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"लागू दे. तारीख द्या."