अक्काचं लाल नाक

कमलनगरच्या गुरप्पाला घरातलं माणूस तापानं फणफणलं तरी लवकर कळायचं नाही, पण लॉरी नुसती खोकली की तो भरल्या ताटावरून उठायचा. सव्वीस वर्षं त्यानं एकच लॉरी चालवली. तिला तो अक्का म्हणायचा, आणि गावानंही मुकाट्यानं तेच नाव उचललं होतं. त्याची बायको ईरम्मा सांगायची, या घरात मी धाकटी.

अलीकडं मात्र अक्का दमायला लागली होती. सोयाबीन भरून हुमनाबादला निघालं, की शहराअलीकडच्या चढावर गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणावा लागे. नेमका तेव्हाच त्याचा दोस्त हरिबा आपल्या लॉरीतून हॉर्न वाजवत पुढं जाई. एकदा चढाच्या माथ्यावरच्या धाब्यात हरिबानं फारच छेडलं, तेव्हा गुरप्पा बोलून गेला की दिवाळीच्या आत अक्का तिसऱ्यावर चढली नाही, तर विकून टाकीन. चारचौघांत बोलला. आता शब्द मागं घ्यायची सोय नव्हती.

मग त्यानं हैदराबादहून चकचकीत स्टीलचा पाइप आणि त्याच्या टोकाला बसणारा लाल एअर फिल्टर आणला. विकणारा म्हणाला होता, गाडी जास्त हवा घेईल, जास्त ओढेल. मूळ फिल्टरचा काळा डबा गोठ्यात जाऊन पडला आणि हे लाल नाक इंजिनाला खेटून उघड्यावर बसलं. आवाज असा घुमायला लागला की गुरप्पाची छाती फुगली. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं या भल्या माणसानं ठरवूनच टाकलं.

खंडेनवमीला ईरम्मानं अक्काची पूजा केली. स्टीअरिंगला, चाकांना, बॅटरीला विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढले. नव्या पाहुण्याचं कौतुक जरा जास्त, म्हणून लाल फिल्टरवर तिनं मूठभर कोरडी विभूती चोळली.

पुढच्याच फेरीला अक्का गर्जना करत चढाला लागली आणि अर्ध्यावर काळा धूर सोडून दुसऱ्या गिअरवर आली. हरिबा हॉर्न वाजवत गेला.

गुरप्पा तोंड पाडून शिवशंकरप्पाच्या गॅरेजात पोचला. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि बाहेर काढून दाखवलं. बोट पांढरं झालं होतं.

"गुरप्पा, तुझ्या अक्कानं आतूनबी इबूत लावून घेतलीय," तो म्हणाला. "इबूत आत जायलीय, तर सोयाबीनची धूळ कामून थांबंल?"

मग त्यानं नीट समजावलं. डबा गेला म्हणून आवाज वाढला, ताकद नव्हे. डबा बाहेरची गार हवा घेत होता. हे लाल नाक इंजिनाजवळचीच गरम हवा ओढत होतं, वर धूळही गाळत नव्हतं. त्यानं गोठ्यातला डबा मागवला. त्यातला फिल्टर गुरप्पा वर्षानुवर्षं टायरवर आपटून पुन्हा बसवत आला होता. भुसा आणि धूळ बसून त्याची पार गोवरी झाली होती.

"ह्यो कवा बदललास?"

गुरप्पाला आठवेना. तोंडानं अक्का अक्का करायचं आणि तिचं नाक चोंदलेलं कळू नये, याची त्याला खरोखर लाज वाटली.

जुन्या डब्यात साधा, कंपनीचाच नवा फिल्टर बसला. पुढच्या फेरीला ईरम्मा हट्टानं शेजारी बसली. चढ आला. गुरप्पानं गिअरवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. अक्का गरजली नाही, खोकलीही नाही. तिसऱ्यावरच माथा आला. धाब्यापुढं चहा पीत उभ्या असलेल्या हरिबानं ग्लास खाली ठेवला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून हवेत फिरवला.

गुरप्पानं लॉरी बाजूला घेतली. ईरम्मा विभूतीची डबी घेऊन खाली उतरली, तसा तोही घाईनं उतरला.

"लाव, तिच्या कपाळाला लाव," तो डोळे पुसत म्हणाला. "नाकाला तेवढी नगं लावू."