गुद्रूनचं गवती छप्पर

गुद्रूनच्या स्वयंपाकघरात कुणी चमच्यालाही हात लावायचा नाही, हे अख्ख्या लेसो बेटाला ठाऊक होतं. उभा जन्म तिने बोटीवर उतारूंसाठी रांधण्यात घालवला. नवरा गेला त्या आठवड्यात आम्ही तिची भांडी घासायला गेलो, तर म्हणाली, "बसा गं, कॉफी घ्या. हात लावू नका."

अशा बाईने म्हातारपणी मातीचं घर बांधलं आणि वर समुद्री गवताचं छप्पर घालायचं ठरवलं. मुलगा आस्गेर म्हणाला, "आई, कौलं घाल. चार गडी येतील, काम खलास."

"कौलं भट्टीत भाजा, बोटीने आणा, कशाला ती यातायात? गवत समुद्र फुकट दारात आणून टाकतो. माझ्या पणजीचं छप्पर अजून गळत नाही."

खरं होतं. पण त्या छपराला गावातल्या झाडून साऱ्या बायका लागल्या होत्या. आमचे पुरुष दर्यावर, म्हणून छप्पर बायकांचं काम. एकीने वाळलेलं गवत पुरवायचं, दुसरीने पीळ घालायचा आणि तो जाड पीळ वाशांना बांधायचा. त्याला आमंत्रण देत नाहीत. घरवाली अंगणात चूल पेटवून कॉफीचं मोठं भांडं चढवते. धूर दिसला की निघायचं.

ऑगस्टमध्ये गुद्रूनच्या अंगणात धूर दिसला. कुणीच गेलं नाही. आम्हाला वाटलं, हिला कुठे कुणाचा हात चालतो? तिला वाटलं, आपण कुणाला नकोच आहोत. रोज धूर निघे, रोज कॉफी ओतून टाकली जाई. भिंती उघड्याच होत्या. पावसाची झड लागली असती तर सगळ्या घराचा चिखल झाला असता.

शेवटी मला राहवेना. जाऊन बघते तर ही बया गवताचं एक टोक खुंटीला बांधून एकटीच पीळ घालत बसलेली.

"सरक, गवत मी देते."

"राहू दे, सिग्ने. हात..."

"लावणार! जळला मेला तुझा हेका. पीळ गुमान."

ती पिळू लागली. रस्त्याने जाणाऱ्या बायकांनी आम्हा दोघींना पाहिलं, आणि कुंपणाला एकेक सायकल टेकू लागली. पाऊस आला तेव्हा छपराचं फक्त वरचं टोक उरलं होतं.

ते बांधायला ती स्वतः शिडीवर चढली. तेवढ्यात आम्ही तिच्या स्वयंपाकघरात शिरलो. कॉफी केली, काळ्या पावावर लोणी लावलं, हेरिंग मासे मांडले. ती खाली आली आणि दारातच थबकली. मला वाटलं, आता आपली धडगत नाही.

ती बसली. कप संपवला. "पाणचट झालीय," म्हणाली, आणि रिकामा कप पुन्हा पुढे केला. डोळे भरून आले होते. "एवढ्या वर्षांत मला कुणी कधी वाढलं नव्हतं गं."

"तू वाढू कुठे दिलंस?" मी म्हटलं आणि तिचा कप भरला.