नणंदेची सही

कोर्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टबाईंनी गुन्ह्यांवर आणि अन्यायावर तीन पुस्तकं लिहिली, तरी तिथल्या वकिलांना त्याचं हसूच आलं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! बाई मात्र खमक्या. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं बडवायची आणि पहाटे स्वतःचं लिहायचं, हे बावीस वर्षं चाललं.

ज्याच्यावर लिहिलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं आणि तो म्हणेल ते खोडायचं, असा त्यांचा नेम. कोठडीत मुलगा गमावलेल्या आईने एक शब्द खोडू दिला नाही. एका खिसेकापूने मात्र "माझी चोरी जरा सफाईदार लिहा, धंद्यात नाव आहे माझं," अशी गळ घातली होती.

चौथं पुस्तक लाँड्रीतल्या मुलीवर होतं. एकोणीस वर्षांची पोर, कपडे पिळायच्या मशीनमध्ये हात अडकून जिवानिशी गेली. मशीनचं झाकण चार महिने तुटलेलं होतं. पण सोबतच्या एका कामगार बाईने ते शाबूत होतं असं लिहून दिलं. मालक सुटला आणि दोष मेलेल्या पोरीच्या माथी आला.

ही कामगार बाई म्हणजे टायपिस्टबाईंची सख्खी नणंद. ती 'खोडा' म्हणाली असती तर पुस्तकात राम उरला नसता, आणि खोडलं नाही तर नातं राहिलं नसतं. तरी रविवारी दुपारी कागद घेऊन बाई तिच्याकडे गेल्याच.

नणंद पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकतानाही तिचे हात थांबले नाहीत. 'डोळ्यांदेखत घडलेलं तिने सहीनिशी नाकारलं' या वाक्याला बाईंचा आवाज बारीक झाला.

"झालं?" नणंदेने विचारलं.

"झालं. काय खोडू ते सांगा, वन्सं."

"काही नको. खरंच आहे ते. नोकरी जाईल म्हणून घाबरले मी." तिने एक उशीचा अभ्रा झटकला. "पण वहिनी, तो कागद टाइप कोणी केला?"

मालकाच्या वकिलाने मजकूर आणून दिला होता आणि बाईंनीच तीन प्रती काढल्या होत्या, एकही चूक न करता. झाकण तुटलंय हे नणंदेने त्याआधीच त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडत सांगितलं होतं.

"समोर येईल ते टाइप करणं हे आमचं कामच आहे हो. मी फक्त टाइप केलं."

"मीही फक्त सहीच केली की."

दुसऱ्यांच्या पापाचे पाढे वाचत हिंडणाऱ्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नणंदेने चहा टाकला, दोघींनी तो घेतला.

त्या आठवड्यात बाईंनी स्वतःवर चार पानं लिहिली. आपल्यावर लिहिलेलं आपणच खोडायचा हक्क ठेवला तर मग झालंच! म्हणून तो हक्क द्यायला त्या पानं घेऊन लाँड्रीतल्या मुलीच्या आईकडे गेल्या. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "मग तेव्हा का नाही आलात?"

पुस्तक त्याच प्रश्नावर संपतं.