सपाट तोंडाची गोळी

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या सासऱ्यांनी आपलं रिव्हॉल्वर घरात कुणाच्या तरी नावावर करायचं ठरवलं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गडमुडशिंगीच्या मळ्यात एकटं घर, म्हणून कधीकाळी परवाना काढून घेतलेलं ते मोठ्या बोअरचं, रुंद नळीचं धूड. माझा नवरा लग्नातल्या फटाक्यांनाही कानात बोटं घालतो. त्यानं सरळ हात जोडले.

"मग सूनबाई घेईल की," मामा म्हणाले. सासऱ्यांना मी मामाच म्हणते.

अशी मी, शाळेतून निवृत्त झालेली बाई, परवाना हातात पडल्यावर कोल्हापुरातल्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागले. मामा सोबत यायचे, मागे खुर्ची टाकून बसायचे आणि सूचना द्यायचे. माझ्या गोळ्या कागदावर कुठंही जायच्या.

"हात न्हाय चुकत तुझा," एकदा ते म्हणाले. "गोळी चुकतीया."

मला तो दिलासा वाटला, पण शिकवणाऱ्या सरांनी मान डोलावली. प्रत्येक नळीला एखादीच गोळी मानवते, ती शोधा, म्हणाले.

काडतुसांच्या दुकानात म्हातारे चाचा होते. त्यांनी तीन प्रकार समोर ठेवले. एक तांब्याच्या आवरणाची, चकचकीत. दुसरी शिशाची ओतीव, गोल नाकाची. तिसरीही शिशाचीच, पण तोंड कापल्यासारखं सपाट.

मला चकचकीत आवडली. मामांनी गोल नाकाची उचलली. "गोळी म्हंजे अशी. आमी आयुष्यभर हीच बघितली." मग सपाट गोळीकडं बोट दाखवून म्हणाले, "आन ही काय, डोकेदुखीची हाय व्हय?"

चाचा हसले. "सुभेदारसाहेब, ही कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते. गोल नाकाची कागद फाडते, मग गुण मोजताना भांडणं."

भांडण नको म्हणून आम्ही तिन्ही थोडी थोडी घेतली.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून मी एकेक प्रकार झाडला. चकचकीत गोळ्यांची भोकं कागदभर विखुरली. मामा खूश. मग त्यांची गोल नाकाची. तीही तशीच पांगली.

"वारं सुटलंय," मामा म्हणाले.

रेंज बंद खोलीत होती. सर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

मग सपाट तोंडाची. कागद जवळ आणला तेव्हा माझा विश्वासच बसेना. सगळी भोकं एकमेकांना चिकटून, जणू कुणी पंचिंग मशीननं पाडलेली. मामांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडं धरला, पुन्हा चष्मा पुसला.

"बरी हाय," एवढंच बोलले. आणि काठी टेकत सरळ बाहेर निघाले. मला वाटलं, रुसले.

घरी आल्यावर त्यांनी आधी मला साबणानं हात धुवायला लावले, शिसं पोटात जाऊ नये म्हणून. मग स्वतः नळी साफ करायला बसले. पितळी ब्रश फिरवताना हळूच म्हणाले, "माझं एक काम करशील? उद्या मला एक गोळी झाडू दे."

रिटायर झाल्यापासून त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती. परवाना होता, रिव्हॉल्वर होतं, पण झाडायचं कारण कधी घडलंच नव्हतं. मीच इतके दिवस त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

सरांची परवानगी काढली. सर शेजारी उभे राहिले. मामांनी काठी माझ्या हातात दिली, सपाट गोळ्यांची काडतुसं भरली आणि हात लांब केला. श्वास सोडला तसा तो एकदम स्थिर झाला.

पहिली मधल्या काळ्या भागाच्या कडेला लागली. दुसरी आत.

"आता बास," सर म्हणाले, "गुडघा सांभाळा."

"गुडघ्यानं कुठं झाडतोय मी?" मामा म्हणाले आणि तिसरीसाठी हात उचलला.