बारीकरावाचा पहिला मोठा जॉब

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नावं ठेवायला नकोत. मी माझ्या साडूवर जळतो. आज-कालचं नाही, सहा वर्षं जळतोय. बायकोला माहीत आहे, सासूबाईंना माहीत आहे, शेजारच्या वेल्डरलासुद्धा माहीत आहे. फक्त त्यालाच माहीत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. माणसाने इतकं जळायचं आणि समोरच्याने त्याची साधी दखलही घेऊ नये म्हणजे काय?

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा तो. मूळचा किल्ल्या बनवणारा. पोस्टाच्या पायऱ्यांशेजारी एक घडीचं टेबल, त्यावर किल्ली आवळून धरायचा छोटासा व्हाइस, सात-आठ कानशी, आणि मागे दोरीला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. चौदा वर्षं तिथे बसला. अर्धी किल्ली कुलपात मोडून अडकली असली तरी हा कानशीने घासून नवी करून द्यायचा. यंत्र नाही, साचा नाही, नुसती बोटं. पुढे रस्त्यापलीकडे दोन मिनिटांत किल्ली कापून देणारं यंत्र आलं आणि याच्या टेबलासमोर कोणी थांबेना.

मग आमच्या घरी सुरू झालं. बायको म्हणायला लागली, तुमच्याकडे काही जमतंय का बघा ना. मेव्हणी काही म्हणायची नाही, नुसती येऊन गप्प बसायची, ते त्याहून वाईट. सासूबाईंनी मात्र आडपडदा न ठेवता सुनावलं की मोठ्या जावयाने धाकट्याला हात दिला नाही तर त्याला मोठा कशाला म्हणायचं. झालं. मी मालकांकडे शब्द टाकला आणि त्याला वर्कशॉपमध्ये आणलं. मीच आणलं. गेल्या सहा वर्षांत हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला काही सुमार नाही.

आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. धातू कातायचं एक मोठं लेथ, एक छोटं, भिंतीला एक ड्रिल मशीन, आणि दाराजवळ मालकांचं टेबल. मोठ्या कारखान्यात एकसारखे हजार नग निघतात, आमच्याकडे एकच निघतो. कुणाच्या जुन्या यंत्राचा भाग तुटतो, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली असते, मग तो माणूस तुटका तुकडा फडक्यात गुंडाळून आमच्याकडे येतो. आम्ही तो मोजतो आणि तसाच नवा करून देतो. मोठ्या लेथवर मी होतो, एकोणीस वर्षं. शाफ्ट, रोलर, पुली, जे जे वजनदार ते माझं.

त्याला शिकवलं तेही मीच. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, कसा पकडायचा, टूल किती पुढे घ्यायचं, माप घ्यायचा मायक्रोमीटर किती हलक्या हाताने फिरवायचा. पण खोटं कशाला बोलू, हातचं राखून शिकवलं. छोट्या लेथवर उभं केलं आणि स्क्रू, पिना, नळ्या असली पितळी बारीकसारीक कामं त्याच्या गळ्यात मारली. त्या कामांना मी स्वतः कंटाळलो होतो. म्हटलं, बसेल घासत.

तर सहा महिन्यांत लोक त्याला शोधत यायला लागले. एकजण जुना कॅमेरा घेऊन आला, त्यातला खसखशीएवढा स्क्रू हरवला होता. एका बाईंच्या विलायती बासरीची भोकावरची चावी निखळली होती. कॅमेऱ्याच्या त्या स्क्रूवरचे आटे मला चष्मा लावूनही दिसेनात, आणि हा डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत म्हणतो, अजून केसभर धातू काढायला हवा. काढलाही. बसलाही. मालकांनी हसत हसत त्याचं नाव बारीकराव पाडलं आणि गिऱ्हाइकांनी ते उचलून धरलं. दारातूनच विचारायचे, बारीकराव आहेत का? मला एकोणीस वर्षांत कोणी राव म्हटलं नव्हतं. मला म्हणायचे, अहो, जरा सरका.

तो शेफारला असता तर माझं काम सोपं झालं असतं. चारचौघांत त्याला दोन शब्द सुनावता आले असते. पण हा पठ्ठ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार, मला काय येतंय, सगळं दादांनी शिकवलंय. दादा म्हणजे मी. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी तेच. सासूबाईंच्या कपाटाचं कुलूप त्याने पाच मिनिटांत दुरुस्त केलं, त्याचं वर्णन मी वर्षभर ऐकलं. मी त्यांच्या पाण्याच्या पंपाचा अख्खा शाफ्ट नवा करून दिला होता. पण पंप बिचारा जमिनीखाली. त्याच्याकडे कोण बघतंय?

अशातच मालकांना दिसायला कमी झालं. एके दिवशी त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं, की महिनाअखेरीपासून मी येणार नाही. तुमच्यातला एकजण मिस्त्री होईल, काम घेणं, वाटणं, शेवटचा शब्द सगळं त्याचं. दुसरा त्याच्या हाताखाली. कोण ते शेवटच्या शनिवारी सांगतो. मला वाटलं, सांगायचं काय त्यात? एकोणीस कुठे आणि पाच कुठे. तरी त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

आणि तेव्हाच तो बेकरीवाला आला. त्याच्या पीठ मळायच्या यंत्राचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, झिजला होता. नव्या शाफ्टसाठी पोलादाचा घडीव तुकडा त्याने कुठून कुठून खटपट करून मिळवला होता, दुसरा मिळायची आशा नव्हती. उचलायला दोन्ही हात लागतील एवढं वजन, आणि दोन्ही टोकांना बेअरिंग बसवायच्या जागा. ही जागा बेअरिंगच्या भोकापेक्षा जराशी जाड ठेवायची असते. मग बेअरिंग तेलात गरम करून चढवायचं, ते थंड होताना आवळतं आणि पुन्हा हलत नाही. म्हणजे सरळसरळ माझं काम. बेकरीवाल्याने तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हे बारीकरावांकडे द्या.

मालकांनी तुकडा जवळ ओढला. मग मला म्हणाले, दोन दिवस तुम्ही छोटं मशीन सांभाळा. त्यालाही मोठ्या जॉबवर हात बसू दे.

बारीकराव माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, दादा, तुमची हरकत नाही ना? मला कसली हरकत, मी म्हटलं, आणि पहिल्याच पिनेत ड्रिल मोडलं.

दोन दिवस मी पिना करत होतो आणि तो माझ्या लेथवर उभा होता. नजर हटत नव्हती माझी. काहीतरी चुकावं म्हणून बघत होतो, आणि चुकत काही नव्हतं. मी करतो त्यापेक्षा जरा हळू, पण असं देखणं काम, की मला रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दोन्ही जागांवरचे जाड काट, म्हणजे धातू सोलायचे मोठे फेरे, संपवले. निळा पडलेला कीस खाली साचला होता. जॉबला हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. आता लेथवरच्या कोणत्याही जुन्या टर्नरने काय केलं असतं? मशीन बंद करून चहा प्यायला गेला असता. जॉब पुरता थंड होऊ द्यायचा, मगच शेवटचा काट आणि मगच माप. पोलाद तापलं की फुगतं. गरम असताना माप बरोबर आलं, तर थंड झाल्यावर ते कमी भरणार. छोट्या पितळी पिनेत हा फरक जाणवतही नाही. बोटं पसरून धरावा लागेल एवढ्या जाड शाफ्टमध्ये तो अर्ध्या केसाचा होतो, आणि अर्ध्या केसात बेअरिंग सैल पडतं.

हे त्याला माहीत नव्हतं. कारण मी शिकवलं नव्हतं.

त्याने थांबायच्याऐवजी लगेच एका टोकाचा शेवटचा काट मारला. मोठा मायक्रोमीटर लावला. वाचलं, परत वाचलं. मग माझ्याकडे वळला.

"दादा, एकदा बघता का?"

मी गेलो. शाफ्टची धग माझ्या मनगटाला लागत होती. मायक्रोमीटरवर आकडा अगदी हवा तोच होता, ना कमी ना जास्त. वाचवायला जादा धातू मागच्या काटापर्यंत शिल्लक होता, आता नव्हता. पण दुसरं टोक तर बाकी होतं. तिथे जाड काट झाले होते, शेवटचा राहिला होता. नुसतं थांब म्हटलं असतं, तर निदान ते वाचलं असतं.

"आकडा बरोबर आहे," मी म्हणालो, आणि मूग गिळून परत माझ्या पिनांकडे गेलो.

त्या संध्याकाळी मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. बायको म्हणाली, आज स्वारी खुशीत दिसतेय.

सकाळी बेकरीवाला शाफ्ट न्यायला आला. बारीकरावाने तेलाचा डबा शेगडीवर ठेवला होता. मालकांनी सवयीने एक बेअरिंग तसंच थंड उचललं आणि टोकाला लावून बघितलं. ते सुळकन आत गेलं आणि खणकन जाऊन टेकलं. बोटात अंगठी घालावी तसं. बेकरीवाला खूश होऊन म्हणाला, वा, काय बसलंय. मालकांनी ते अख्खं बेअरिंग, आतल्या कड्यासकट, एका बोटाने शाफ्टवर गरगर फिरवून दाखवलं. दुसरं टोकही तसंच निघालं.

"माप कोणी घेतलं?" मालकांनी विचारलं.

उत्तर तयार ठेवलं होतं मी, की मला आकडा दाखवला, मी आकड्याबद्दल बोललो. पण ती वेळच आली नाही. बारीकराव म्हणाला, मी घेतलं, चूक माझी आहे. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

मग मी पुढे झालो. शेजारच्या वेल्डरकडून दोन्ही जागांवर धातू चढवून घेतला, शाफ्ट परत माझ्या लेथवर लावला, जाड काट मारले आणि अख्खी दुपार त्याला हात लावला नाही. थंडगार झाल्यावर शेवटचा काट घेतला. बेअरिंग तेलात तापवून चढवलं, आणि ते असं आवळलं की बेकरीवाल्याने स्वतः हातोडीने ठोकून बघितलं. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शनिवारी त्यांनी वर्कशॉपच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या आणि मी मिस्त्री झालो. बारीकरावाने सगळ्यांच्या आधी येऊन माझा हात हातात घेतला. सासूबाई म्हणाल्या, अनुभव तो अनुभव. इतकी वर्षं ज्यासाठी कान आसुसले होते, ते एकदाचं कानावर पडलं.

सोमवारी मी मालकांच्या खुर्चीत बसलो होतो. बारीकराव समोर आला. त्याच्या हातात भंगारातला शाफ्टचा एक जाड तुकडा होता आणि मोठा मायक्रोमीटर. आधी त्याने माफी मागितली, की मायक्रोमीटर न विचारता घरी नेला होता.

"दादा, माझं काय चुकलं ते सापडलं. रविवारी हा तुकडा शेगडीवर तापवून मोजला, मग थंड करून मोजला. मिलिमीटरच्या चार शतांशांचा फरक येतो. आपण तो जॉब गरम असतानाच मोजला होता."

मी टेबलावरची कामाची वही उघडली.

"तुमच्याही लक्षात आलं नाही ना, म्हणून म्हटलं सांगावं," तो जरा संकोचून म्हणाला. "आता तुम्ही मिस्त्री. उद्या तुमच्या हातून असं व्हायला नको."

मला शिकवत होता. किल्ल्या घासणारा माणूस, मला, एकोणीस वर्षांच्या टर्नरला, पोलाद तापल्यावर फुगतं हे समजावून सांगत होता, आणि तेही मला वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली आणून. हो बाबा, नव्हतं आलं लक्षात, एवढं म्हणालो असतो तर सुटलो असतो. दोन्ही घरं सुखात राहिली असती. पण मग या माणसाने मला जन्मभर कच्चा टर्नर समजलं असतं. ते मला सोसेना. दुसरं काहीही सोसलं असतं.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "तू पहिली किल्ली घासली असशील तेव्हापासून माहीत आहे."

त्याला दोन आणि दोन जोडायला वेळ लागत होता.

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा."

त्याने तो तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. मायक्रोमीटर फडक्याने पुसला, पेटीत घालून पेटी माझ्याकडे सरकवली. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे पाच वर्षांचा साठा होता. तो फक्त बरं म्हणाला आणि छोट्या लेथकडे गेला.

याला आता वर्ष होत आलं. त्याने घरी कोणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंकडे जमलो की सगळ्यांसमोर दादाच म्हणतो, पाणी आणून देतो. वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणतो. मोठे जॉब मी आता त्यालाच देतो, कारण माझ्यापेक्षा तो चांगले करतो. हे मी कोणी न विचारता सांगतोय. तो जॉब थंड होऊ देतो, मग माझ्याकडे पाठ करून माप घेतो. मला विचारत नाही.