क्लचवरचा पाय

गाडी शिकवणाऱ्या बाईंना शिकायला येणारे मागून 'क्लचबाई' म्हणत. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "गिअर बदलला ना, आता क्लचवरचा पाय काढा." झोपेतही त्या हेच पुटपुटतात, असं त्यांची मुलगी सांगायची. अशा बाईंच्या घरच्याच गाडीची क्लचप्लेट वर्षभरात दुसऱ्यांदा झिजावी, याला काय म्हणायचं?

पहिल्या खेपेला यजमानच तक्रार घेऊन आले होते. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरची गाडी तेच चालवत. "अगं, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी काही पळत नाही," ते म्हणाले. बाईंनी एक चक्कर मारून पाहिली. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज टिपेला जाई, वेग मात्र होता तिथेच. क्लच घसरत होता. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतच नव्हता. प्लेट बदलली. काही महिने बरे गेले आणि पुन्हा तेच रडगाणं.

"पेट्रोलमध्ये भेसळ असणार," यजमान म्हणाले.

"भेसळीने प्लेट झिजत नाही. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता."

"मी तुझ्या आधीपासून चालवतोय. मला शिकवू नकोस."

झालं, विषय संपला. दिरांनी गाडी विकायचा सल्ला दिला, जावयांनी इंजिनच उघडायला सांगितलं. मेकॅनिकने हात पुसत एवढंच म्हटलं, "प्लेट मी बदलतो, वहिनी. पाय मला बदलता येत नाही."

दुसरी प्लेट बदलायची ठरली, त्याआधीच्या रविवारी दोघं मुलीकडे निघाले. तिचं घर चढावर. मुद्दामच बाई शेजारी बसल्या. चढ लागला तसं इंजिन गर्जायला लागलं, गाडी मात्र गोगलगाय. मागून हॉर्नचा भडिमार, आत जळका वास. बाईंनी वाकून पाहिलं. यजमानांचा डावा पाय पाटावर ठेवावा तसा क्लचवर विसावला होता.

"पाय काढा."

"ठेवलेलाच नाहीये."

"अहो, मी बघतेय."

त्यांनी पाय उचलला आणि चेहरा असा वाकडा झाला की बाईंनी गाडी थांबवायला सांगितली. गाडी कडेला लागली. समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "गुडघा दुखतो. दरवेळी पाय उचलून बाजूला ठेवायचा म्हटलं की कळ मस्तकात जाते. म्हणून तिथेच राहू देतो."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"गाडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती. दोन प्लेटा जाळल्यात, सगळ्या घराला कामाला लावलंत, पण तोंडातून शब्द नाही काढलात. उतरा आता."

त्या स्टिअरिंगवर बसल्या आणि गाडी हळूहळू चढावर घेतली. यजमान शेजारी बसून गुडघा चोळत राहिले.

डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि व्यायाम सांगितला. आता बाईच चालवतात. प्लेट ठणठणीत आहे. "केला का व्यायाम?" विचारलं की यजमान छातीठोकपणे हो म्हणतात. चटई मात्र कोपऱ्यात गुंडाळलेली तशीच असते. मग बाई कपाळावर हात मारतात, चटई उलगडतात आणि पाय पसरून स्वतःच आधी बसतात.