डाव्या हाताची करंगळी

आमच्या ह्यांना बावन्नाव्या वर्षी अडतीस वर्षांचं करायचं काम लेकीने आणि मी वाटून घेतलं. त्यांची सॉफ्टवेअर कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं. तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसायचे, आणि मी भाजी निवडायला आले की अंग चोरून जागा करून द्यायचे. ते अंग चोरणं मला बघवेना. नोकरी हवी होती ती त्यासाठी.

लेकीने बायोडेटातली पहिली चौदा वर्षं उडवली. मी कलप लावला, मिशी उतरवायला लावली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यावर वयाचं सोंग आणायची वेळ आली नसावी.

मुलाखत घेणारा पोरगा लेकीच्याच वयाचा. म्हणाला, "इथे सगळे अरे-तुरे करतो आम्ही. एक कुटुंबच आहे. तू बिनधास्त लिही." ह्यांनी प्रोग्राम लिहायला घेतला. छान चालला होता. पण ओळ संपली की डाव्या करंगळीने कंट्रोल दाबायचं आणि शेजारच्या बोटाने एस. सेव्ह. पूर्वी वीज गेली की दिवसभराचं काम पाण्यात जायचं, तेव्हाची ही सवय. आता सगळं आपोआप सेव्ह होतं. पोरगा जरा वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "सर, ते करावं लागत नाही आता." मग त्याने पाणी मागवलं, आपली मऊ खुर्ची दिली, लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि "सावकाश जा तुम्ही" म्हणाला. मान एवढा मिळाला की नोकरीला जागाच उरली नाही.

हे सांगताना ते हसत होते. मला संताप आला. ज्यात बाप चालत नाही ते कसलं कुटुंब?

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," मी म्हटलं.

"तेवढं थांबायला वेळ नाही," लेक म्हणाली. "पुढची मुलाखत सोमवारी आहे."

तिने त्यांच्या करंगळीला चिकटपट्टी गुंडाळली, चांगली जाड, म्हणजे बोट वाकणारच नाही. टेबलावर सराव झाला. एकदाही सेव्ह केलं नाही. मी निर्धास्त झाले.

सोमवारी दुसरं ऑफिस, मुलाखतीला एक मुलगी. तिने दार उघडलं, ह्यांच्या हाताकडे बघितलं आणि अगदी मायेने विचारलं, "बोटाला काय लागलं, काका?"

कॉम्प्युटर अजून सुरूही झाला नव्हता.